बारा शेजारी

खार्किव्ह. फेब्रुवारीतली रात्र, बाहेर उणे एकोणीस,
आणि याव्दोखा ओनुफ्रिइव्हना म्हणते, "आज उबदार आहे."
चेष्टा नाही.
तिच्या भांड्याच्या तळाशी चार अंश आहेत,
निरपेक्ष शून्याच्या वर फक्त चार.
तिथून पाहिलं तर हा रस्ता, ही ट्राम,
छपरावरचा हा बर्फसुद्धा भट्टीतलाच.

स्फटिक वाढायला अकरा तास लागले होते.
इतका नितळ, की आहे की नाही कळेना.
तिने टॉर्च तिरपा धरला
तेव्हा काचेच्या कडेला एक रेघ उमटली, नखाएवढी.
"एवढा हलका दगड कुठे पाहिलायस?"

ऑगस्टात बाजारात खेरसोनची कलिंगडं रचतात,
एक थर, दुसरा त्याच्या खळग्यांत,
तिसरा पुन्हा पहिल्याच्या बरोबर डोक्यावर.
तशीच ही रचना.
पोटातल्या प्रत्येकाला बारा शेजारी.
फरक इतकाच,
की ही कलिंगडं गोठल्यावरही गिरक्या घेतात.

गोठलं की बाकीचे मुकाट होतात.
नायट्रोजनसुद्धा मान वळवून नेमून दिलेल्या दिशेला बघत बसतो.
हायड्रोजन ऐकत नाही.
जागा सोडत नाही, पण जागच्या जागी
त्याला कोणी धरून ठेवू शकत नाही.

त्यातही दोन तऱ्हा.
पॅरा: त्याच्याकडे गिरकी उरलेलीच नाही.
त्याला तोंड नाही, पाठ नाही,
बाराही जणांकडे सारखाच,
झोपलेल्या मुलासारखा गोल.
ऑर्थो: त्याच्या पदरात एक गिरकी, पुरती एक.
पाव, अर्धी, पाऊण असे सुटे पैसे
हे दुकान देत नाही.
द्यायची तर सगळी, नाहीतर ठेव तुझ्यापाशी.

आणि ती एकट्याने टाकता येत नाही.
शेजारी आपल्यासारखाच एक लागतो,
त्याचं इवलंसं चुंबक जवळ असावं लागतं,
मग कुठे हातातलं ओझं सुटतं,
आणि ऊब होऊन भांड्यात जिरतं.
पहिल्या रात्री काटा सारखा चढायचा.
हेलियम उकळून जायचा, आणि ती म्हणायची,
"निवतायत बिचारे, निवू दे."

सतराव्या दिवशी दहांतला एकच उरला.
आता त्याचे बहुतेक शेजारी शांत,
आणि तो तसाच, गिरकीसकट.
मग म्हणे ती गिरकीच चालू लागते.
रेणू हलत नाही.
शेजारच्या निजलेल्याला उठवून
आपण त्याच्या जागी निजावं, तसं,
अंधारात, घरामागून घर,
दुसरा कोणी जागा सापडेपर्यंत.
सापडला की समोरासमोर बसत नाहीत.
एकाचं टोक, दुसऱ्याची कूस,
मध्ये काटकोन.

मी म्हटलं, माणसांचंही असंच—
"माणसांना माझ्या स्फटिकात घालू नकोस," ती म्हणाली.
"रेणूला काही वाटत नाही. त्याला फक्त असतं."

पहाटे तीनला ह्नात आला.
काच फुंकणारा, फुंकून फुंकून गाल सैल पडलेले.
त्याची पाळी नव्हती.
मुलगी गेल्यापासून तो असाच येतो,
कुठली तरी नळी तपासायची आहे म्हणून.
याव्दोखाने विचारलं नाही कुठली.
तिच्या नवऱ्याचा मफलर
दोन हिवाळे झाले त्याच खिळ्यावर आहे,
तेही कोणी विचारत नाही.

टेबल अरुंद. तिने खुर्ची उचलून
बाजूच्या कडेला लावली,
आणि दोघं चहा प्यायले,
तो खिडकीकडे बघत, ती भांड्याकडे.
बशीचा आवाज झाला एकदा.

काटा किंचित वर सरकला होता.
मी वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: ऑर्थो.
तिने चष्मा लावला, ते खोडलं,
आणि बारीक अक्षरांत लिहिलं,
दार उघडलं होतं. पुन्हा मोजणे.